चान्स कोणाचा? वऱ्हाडातले टीव्ही गेम आणि घरगुती संगणक

घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे संगणकी खेळ महाराष्ट्रात दोन वाटांनी आले. एक वाट इंग्लंडातून निघून पुण्याला पोचली आणि तिच्यावरून कळफलक असलेला खराखुरा संगणक आला. दुसरी जपानात सुरू झाली, तैवान-हाँगकाँगच्या नकलांमधून वळसा घेत इथल्या बाजारात उतरली आणि जिल्ह्याच्या गावावरून तालुक्याला, तालुक्यावरून खेड्याला गेली. पहिल्या वाटेची यंत्रे मोठ्या शहरांतल्या मोजक्या घरांतच राहिली. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर अशा गावांतल्या पोट्ट्यांना माहीत झाला तो दुसऱ्या वाटेने आलेला ‘व्हिडिओ गेम’. वऱ्हाडातल्या या खेळांची हकीकत सांगताना दोन्ही वाटा पाहाव्या लागतात, कारण जे हुकले त्यावरूनच जे मिळाले त्याचे मोल कळते.

घरगुती संगणकाची कल्पना साधी होती. पडदा म्हणून घरचाच टीव्ही, साठवणीसाठी घरचाच टेपरेकॉर्डर, आणि विकत घ्यायची ती फक्त मधली कळफलकाची पेटी. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये काढलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हे या कल्पनेचे स्वस्त आणि गाजलेले रूप. त्यात सेकंदाला पस्तीस लाख ठोक्यांनी चालणारा झेड-८० प्रोसेसर होता, १६ किंवा ४८ किलोबाइट मेमरी होती आणि कळा रबराच्या होत्या. १९८४ मध्ये प्लास्टिकच्या कळांचा स्पेक्ट्रम प्लस आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीच्या अटी सैल केल्या आणि लहान संगणक भारतात जुळवून विकणे परवडू लागले. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रम प्लसचा परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. पुण्या-मुंबईतल्या, आणि कुठे कुठे नागपूरच्या, मध्यमवर्गीय घरांत घरचा म्हणावा असा पहिला संगणक शिरला तो बहुधा हाच. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत संगणकाची ओळख करून देणारा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. त्या शाळांतल्या मुलांच्या वाट्याला ब्रिटनचाच बीबीसी मायक्रो हा संगणक आला.

स्पेक्ट्रमवर खेळ सुरू करणे हेच एक काम असे. कळफलकावरची ‘जे’ ही एकच कळ दाबली की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटे, त्यापुढे अवतरणचिन्हांची एक जोडी टाकायची आणि टेप चालू करायची. प्रथम एकसुरी लांब शिट्टी ऐकू येई आणि पडद्याच्या कडेला लाल व आकाशी पट्टे वर-खाली सरकत. मग आवाज फाटून खरखर सुरू होई आणि पट्टे निळे-पिवळे होत. खरखरीचा प्रत्येक तुकडा म्हणजे शून्य किंवा एक. एकाला लागणारा वेळ शून्याच्या दुप्पट. सेकंदाला सरासरी दीड हजाराच्या आसपास बिट या वेगाने पूर्ण खेळ आत यायला चार-पाच मिनिटे लागत. पुष्कळ खेळांत आधी एक चित्र येई, तेही सरळ वरून खाली भरत नसे. पडद्याचे तीन आडवे भाग असत आणि प्रत्येक भागात आधी दर ओळीची पहिली रेघ, मग दुसरी, अशा क्रमाने चित्र विणले जाई. ते सगळे काळ्या-पांढऱ्यात पुरे झाले की शेवटी रंग झपकन वरून खाली उतरत. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमी-जास्त असला किंवा हेड तिरके झालेले असले, तर चौथ्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’ अशी ओळ येई आणि सगळे पहिल्यापासून. म्हणून हेडजवळचा बारीक स्क्रू फिरवून शिट्टी जास्तीत जास्त टोकदार कशी करायची, हे ज्ञान या संगणकाच्या घरातल्या मुलांना आपोआप आले.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके होते. पण प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायला मेमरी पुरत नव्हती, म्हणून आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात फक्त दोनच रंग चालत. परिणामी पांढरा माणूस हिरव्या झाडापुढून गेला की तोही हिरवा होई. या रंगांच्या झटापटीला वळसा घालता घालता त्या काळच्या तरुण प्रोग्रामरांनी एक वेगळीच चित्रभाषा उभी केली. मॅथ्यू स्मिथ या इंग्लिश मुलाने विशीच्या आत लिहिलेला ‘मॅनिक मायनर’ हा १९८३ चा खेळ पाहावा. वीस गुहा, प्रत्येकीचा नकाशा एका पडद्याएवढा, आणि ठिपका चुकला तरी मरण. आजही तो खेळला की कळते, तुटपुंज्या मेमरीत नेमके काय बसवायचे याचा निर्णय किती विचाराने घेतलेला आहे.

हा संगणक वऱ्हाडात रुजला नाही, याची कारणे उघड आहेत. नुसती किंमत आड आली नाही. त्यासाठी टेप मिळायला हव्यात, मासिके मिळायला हवीत, त्यातले प्रोग्राम टंकून बघणारे चार सोबती हवेत आणि बिघडला तर दुरुस्त करणारा हवा. पुण्यात हे सगळे होते. पुढे १९८८ मध्ये तिथेच सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्या कामाचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, हे वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण महासंगणक घडवणारा माणूस जिथून गेला, तिथल्या मुलांच्या हाती साधा कळफलक यायला त्यानंतरही दहा वर्षे जावी लागली, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे.

दुसऱ्या वाटेचे मूळ यंत्र निन्टेन्डोचा फॅमिली कॉम्प्युटर. १५ जुलै १९८३ ला तो जपानात विक्रीला आला आणि तिथे त्याचे नाव लाडाने ‘फॅमिकॉम’ पडले. नावात कॉम्प्युटर असला तरी कळफलक नव्हता. दोन हातांत धरायचे दोन कंट्रोलर आणि वर खेळाची कॅसेट बसवायची खाच. मूळ फॅमिकॉम भारतात कधी रीतसर विकला गेला नाही. आल्या त्या त्याच्या नकला. तैवान आणि हाँगकाँगच्या कारखान्यांनी त्याची सर्किट उतरवली आणि पुढे सगळे भाग एकाच चिपमध्ये कोंबले. यंत्र उघडले तर आत हिरव्या पाटीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब दिसे, तोच संपूर्ण संगणक. भारतात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशी नावे घेऊन आणि कितीतरी बिननावाच्या खोक्यांतून ही यंत्रे विकली गेली. अमरावतीच्या जयस्तंभ चौकाकडची, अकोल्याच्या बाजारातली इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने हा त्यांचा वऱ्हाडातला दरवाजा.

नकलांमुळे एक चमत्कारिक गोष्ट झाली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेन्डोच्या कॅसेटला ७२ पिना होत्या, जपानी कॅसेटला ६०. नकला जपानी धाटणीच्या असल्याने त्यांत जपानी खेळ चालत. त्यामुळे नामको कंपनीचा १९८५ चा ‘बॅटल सिटी’, जो अमेरिकेतल्या मुलांना त्या यंत्रावर अधिकृतपणे कधी मिळालाच नाही, तो वऱ्हाडात ‘टँकवाला गेम’ म्हणून सगळ्या पोट्ट्यांच्या ओळखीचा झाला. सर्कशीतल्या सिंहावर बसून आगीच्या रिंगणातून उड्या मारायचा ‘सर्कस चार्ली’ही असाच आला. कोणता खेळ कोणत्या देशासाठी, ही कंपन्यांनी आखलेली हद्द नकलाकारांनी पुसून टाकली. तो व्यवहार बेकायदाच होता. तरीही या भागातल्या मुलांना जगाच्या बरोबरीने, काही बाबतींत जगाच्या पुढे, खेळायला मिळाले ते त्या व्यवहारामुळे, हे नाकारता येत नाही.

यंत्र घरी येण्याचा काळ शेतीच्या हंगामाशी बांधलेला होता. कापूस फक्त सरकारच विकत घेई त्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, हप्त्याहप्त्याने मिळे. त्यातून आधी देणी फिटत, मग लग्नकार्ये होत, आणि उरलेच तर टीव्ही. व्हिडिओ गेम या यादीत शेवटी येई. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारे, ओलित जवळजवळ नाही, पीक पावसाच्या भरवशावर. अशा शेतीच्या घरात मुलांच्या खेळण्यासाठी असा खर्च सहज होत नसे. म्हणून गावात एखाद्या मास्तरांच्या, दुकानदाराच्या किंवा शहरात मामा असलेल्या मुलाच्या घरी यंत्र येई आणि बाकीचे तिथे जमत. नाहीतर ते भाड्याने आणत. व्हीसीआर आणि सिनेमाच्या कॅसेट रात्रभरासाठी देणाऱ्या दुकानांनी व्हिडिओ गेमही दिवसाच्या किंवा तासाच्या भाड्यावर द्यायला सुरुवात केली. चार-पाच पोट्ट्यांनी वर्गणी काढायची, सायकलच्या कॅरियरवर खोके बांधून आणायचे आणि परत द्यायची वेळ होईतो टीव्ही सोडायचा नाही.

त्यातून पाळीचे कायदे तयार झाले. कंट्रोलरला सगळे ‘रिमोट’ म्हणत आणि पाळीला ‘चान्स’. तीन लाइफ संपल्या की रिमोट पुढच्याकडे. यंत्र ज्याचे, त्याला एक चान्स जादा. जो लहान, त्याच्या हाती न जोडलेला दुसरा रिमोट देऊन त्याची समजूत काढायची. तो बिचारा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधला मारिओ आपणच पळवतो आहोत या आनंदात बटणे दाबत बसे. विटी-दांडूत आणि गोट्यांत चालणारी डाव, राज्य आणि खोटी खेळण्यावरून भांडणाची सगळी पद्धत इथे जशीच्या तशी उतरली. ‘माहा चान्स हाये, दे ना बे’ आणि ‘तू काऊन रिसेट दाबलं?’ ही वाक्ये दुपारभर घरात घुमत. आत झोपलेल्या आजीच्या ओरडण्यापेक्षा रिसेटचे ते एक बटण जास्त भीतीचे होते, कारण या यंत्रात खेळ साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. आठव्या जगापर्यंत पोचलेला मारिओ एका बोटाने पुसला जाई.

वऱ्हाडात या खेळाचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. अमरावती-अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो, अकराच्या पुढे मुलांना अंगणात सोडत नाहीत. दारे लोटून, कूलर लावून सगळे घर आडवे होते. त्या अंधाऱ्या खोलीत आवाज बारीक करून टीव्ही चालू राही. पण कूलर आणि टीव्ही एकाच लाइनवर. कूलरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडे, चित्र आकसे आणि कधी यंत्र आपोआप पहिल्या पडद्यावर जाई. आणि लाइन गेली की सगळेच संपले. २००५ च्या आसपास महाराष्ट्रातले भारनियमन कळसाला पोचले, ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे, तेव्हा खेळाचे वेळापत्रक वीज मंडळाच्या वेळापत्रकावर बेतले जाई.

जोडणीचीही एक कला होती. यंत्रातून निघालेली वायर टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी लावायची. यंत्र स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र असे; त्याचे चित्र व्हीएचएफ पट्ट्यातल्या एका चॅनलवर येई आणि टीव्हीची ट्यूनिंगची चकती केसाएवढी फिरवत ते शोधायचे. मुंग्यांमधून आधी आवाज सापडे, मग चित्र. काळ्या-पांढऱ्या पोर्टेबल टीव्हीवर मारिओची टोपी लाल आहे हे पुष्कळांना फार उशिरा कळले. भारतातली टीव्ही पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवणारी. जपानची साठ वेळा. खेळाची प्रत्येक हालचाल पडद्याच्या त्या ठोक्याला बांधलेली असल्याने पाल पद्धतीच्या यंत्रांत खेळ सुमारे सहाव्या हिश्शाने हळू चाले. वऱ्हाडातल्या पिढीच्या कानात बसलेली मारिओची चाल जपानी मुलांनी ऐकलेल्या चालीपेक्षा संथ आहे, आणि आज मूळ वेगात ती ऐकली की घाईची वाटते.

कॅसेट लागली नाही तर ती काढून तिच्यात फुंकर मारायची, हा उपाय जगभर एकसारखा होता. त्यात गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसवली की पिना नव्याने घासून जुळत, तेवढ्यानेच काम होई. तोंडाच्या वाफेने उलट पिना गंजत. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात आत खेळ दहा-वीस किंवा फार तर काही डझन. तेच खेळ वेगळ्या नावाने, वेगळ्या टप्प्यापासून सुरू होत यादीत पानेच्या पाने येत. यादी चाळत कोणत्या आकड्यावर खरा नवा खेळ आहे हे शोधून ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवणे, हा सुट्टीचा गृहपाठ.

खेळांपैकी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची बांधणी आजही थक्क करते. सप्टेंबर १९८५ मधला हा खेळ शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचला, संगीत कोजी कोन्डो यांचे. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे बत्तीस टप्पे. आणि हे सगळे अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. आज मोबाइलवर आलेला शुभेच्छांचा एक फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांना एकच आकार वापरला आहे, फक्त रंग पांढऱ्याचा हिरवा. शेकडो तास तो पडदा पाहिलेल्यांनाही हे सांगितल्याशिवाय दिसत नाही. पहिला टप्पा तर कोणतीही सूचना न देता शिकवतो: समोरून चालत येणाऱ्या पहिल्या बुटक्यावर उडी मारायची, प्रश्नचिन्हाच्या विटेला डोके आपटायचे, मश्रूम आले तर पळायचे नाही. इंग्रजीचे एक अक्षर न वाचता येणारा मुलगाही पाच मिनिटांत हे शिके. भाषेची अट नसणे हे या खेळांच्या खेडोपाडी पसरण्याचे मोठे कारण होते.

‘बॅटल सिटी’ दोघांनी मिळून खेळायचा. विटांच्या आडोशात बसलेल्या गरुडाला वाचवत दर टप्प्यात शत्रूचे वीस टँक उडवायचे. सोबत्याची गोळी लागली तर आपला टँक मरत नसे, थोडा वेळ जागीच थिजे. जगातली अर्धी भांडणे या एका नियमाने लावली असतील. त्यात स्वतःचा नकाशा बांधण्याचीही सोय होती. वीट, लोखंड, पाणी, झाडी हवी तिथे मांडायची. वऱ्हाडातल्या पुष्कळ मुलांनी आयुष्यात प्रथम संगणकावर काही घडवले असेल तर ते हे. ‘काँट्रा’ या खेळात दोघे सैनिक एकाच पडद्यावर बांधलेले असत. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढताना जो पुढे जाई त्याच्यामागे पडदा वर सरके आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरे. वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए हा तीस लाइफचा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ‘ग्रेडियस’ या खेळासाठी योजला होता. तो इंटरनेटशिवाय, छापील पुस्तिकेशिवाय, नातेवाइकांच्या लग्नात भेटलेल्या आतेभाऊ-मामेभावांच्या तोंडून या गावातून त्या गावात गेला.

बंदुकीचा ‘डक हंट’ मुलांना जादू वाटे. बंदुकीतून काहीच निघत नसे. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा होता. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. डोळ्याला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर नेम लागला. आधी अंधार तपासला जात असल्याने बंदूक बल्बकडे रोखून फसवणूक चालत नसे, हे पुष्कळांनी करून पाहिलेले आहे. पिक्चर ट्यूबवर चित्र उमटण्याच्या नेमक्या क्षणावर ही सारी रचना अवलंबून आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि एकही बदक पडत नाही.

नव्वदीच्या शेवटी या हकीकतीचा पुढचा टप्पा सुरू झाला. अमरावतीच्या महाविद्यालयांत, खासगी क्लासेसमध्ये पीसी आले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावीही संगणकाची केंद्रे उघडली. नोकरीसाठी प्रमाणपत्र घ्यायला आलेले मोठे आणि त्यांच्यामागे लागून आलेले लहान, दोघांचीही माउसशी ओळख पत्त्यांच्या सॉलिटेअरने झाली. जुन्या यंत्रांवर फ्लॉपीतून ‘डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे खेळ चालत. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये काढलेल्या प्रिन्सची धाव इतकी जिवंत वाटते, कारण त्यांनी धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र उतरवले. साठ मिनिटांत बारा टप्पे. चुकून कड्यावरून पडलेला प्रिन्स सुळ्यांवर आदळला की अख्खी लॅब हळहळे, आणि सरांची पावले वाजली की पडद्यावर एक्सेल.

पण इथे एक गोष्ट बदलली. खुर्ची एकाची झाली. मागे उभे राहून सल्ले देणारे होते, तरी सतरंजीवर पाच जण बसून एका रिमोटची वाट पाहणे संपले. पुढे सायबर कॅफे आणि मग मोबाइल आला, तेव्हा प्रत्येकाचा पडदाच वेगळा झाला.

त्या काळातले फारच थोडे आज शिल्लक आहे. चुंबकीय टेपवरची नोंद वर्षानुवर्षे फिकी होत जाते. पुण्यात जुळवलेल्या स्पेक्ट्रमसोबत ज्यांनी स्वतःचे प्रोग्राम टेपवर ठेवले, त्यांनी ते आताच उतरवून घेतले नाहीत तर ते कायमचे जातील. मूळ खेळ मात्र वाचले आहेत. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने घेतला आणि त्या कंपनीने पुढे स्पेक्ट्रमच्या अंतर्गत प्रोग्रामची प्रत मोफत वाटू दिली, त्यामुळे आजच्या कोणत्याही संगणकावर स्पेक्ट्रम जसाच्या तसा चालवता येतो. निन्टेन्डोनेही २०१६ मध्ये तीस जुने खेळ असलेले छोटे यंत्र काढले. इथल्या नकली यंत्रांची मात्र कुणीच नोंद ठेवलेली नाही. कोणत्या दुकानाने ती आणली, भाडे काय होते, कोणती कॅसेट कोणत्या गावात फिरली, दुरुस्तीवाल्याने रिमोटच्या झिजलेल्या रबरी चकत्यांखाली कोणती चंदेरी पन्नी चिकटवली, हे सगळे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसांच्या आठवणीत आहे. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी मंदिरे, जिनिंग फॅक्टऱ्या आणि शाळांच्या बरोबरीने हेही विचारून, लिहून घ्यायला हवे. अडगळीतल्या यंत्राचा अ‍ॅडॉप्टर बहुधा जळालेला असतो, पण नवा लावला आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही मिळाला, तर ती काळ्या थेंबाची चिप बहुतेक वेळा अजूनही चालते.